ओ सर, फाऊल न्हवताच की!

शाहूवाडी तालुक्यातल्या शाळांचे फुटबॉल सामने ऐन पावसाळ्यात होतात. दिल्लीच्या सुब्रतो मुखर्जी कपापर्यंत जाणारी शालेय स्पर्धांची मालिका शाळा उघडल्यावर लगेचच सुरू होते, आणि आंबा घाटाच्या अलीकडे जुलै कसा असतो हे या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सकाळी मारलेली फक्की पहिल्याच सरीत धुऊन जाते. गोलपोस्टच्या पुढ्यात चिखल होतो, मधल्या भागात जांभ्याचे खडे वर येतात. चेंडू रेषेच्या आत राहिला की बाहेर गेला, हे अशा रेषा नसलेल्या मैदानावर एकाच माणसानं सांगायचं असतं. तो म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेले शारीरिक शिक्षणाचे सर. लाइनवर झेंडा धरून उभा असतो एखादा नववीतला पोरगा, आणि तो बहुतेक वेळा यजमान शाळेचाच असतो. गोल नाकारला गेला की आख्खा संघ सरांभोवती गोळा होतो. "ओ सर, आत होता की! सगळ्यांनी बघितलाय!" पलीकडचे अकरा जण लगेच धावत येतात, "न्हाय सर, भायेरच हुता!" आणि दोन्ही बाजूंच्या शाळांचे शिक्षक छत्र्या सावरत रेषेपाशी येऊन उभे राहतात.

त्या क्षणी सर काय करतात, यावर पुढचा अर्धा तास कसा जाणार ते ठरतं.

नियमपुस्तकात रेफ्रीचा निर्णय अंतिम आहे. गोल झाला की नाही, हेसुद्धा त्यात आलं. पण त्याच पुस्तकात एक फट ठेवलेली आहे. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफ्रीला आपला निर्णय बदलता येतो. फ्री किक मारली गेली, गोलकिक घेतली गेली, की मग चूक लक्षात आली तरी मागे फिरता येत नाही. म्हणजे शिट्टी वाजल्यापासून चेंडू पुन्हा हलेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यातच हुज्जत घालण्यात काही अर्थ असतो. खेळाडूंनी नियम वाचलेले नसतात, तरी ही फट त्यांना बरोबर ठाऊक असते. चांगला रेफ्री ओळखायचा तो त्या फटीत तो कसा वागतो यावरून. खिशातल्या कार्डाचा नंबर फार नंतर लागतो.

मलकापुरात एसटी धरली की बांबवडे, पैजारवाडी, केर्ली करत शिवाजी पुलावरून गाडी कोल्हापुरात शिरते. तिथं शाहू स्टेडियमवर थंडीपासून वळवाच्या पावसापर्यंत फुटबॉलचा हंगाम चालतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, लीग खेळवते, आणि लीगखेरीज वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा होतात. संघांची नावं ऐकली तरी या गावाचा फुटबॉल कुठून आला ते कळतं: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालमी मुळात कुस्तीच्या. हौद्यातल्या लाल मातीवर जी पेठेची इभ्रत जपली जायची, तीच पुढे चेंडूमागे धावू लागली. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. वर्ल्ड कपच्या दिवसांत पेठापेठांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे राहतात आणि अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे गल्लीवरून टांगले जातात. हे वेड खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण रेफ्रीच्या बाजूनं बघितलं की या वेडाची दुसरी कड दिसते. इंग्लंडमध्ये किंवा आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, रेफ्री परगावाहून येतो, सामना करतो आणि निघून जातो. कोल्हापुरातला रेफ्री कोल्हापुरातच राहतो. त्यालाही एक पेठ आहे, एक तालीम आहे, आणि ती कुठली हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानं पाटाकडीलला पेनल्टी दिली की दिलबहारच्या बाजूनं पहिला प्रश्न येतो तो 'ह्यो कुठल्या पेठेचा?' आज ज्याला कार्ड दाखवलं तो उद्या सकाळी मिसळीच्या हॉटेलात समोरच्या टेबलावर असू शकतो. त्यामुळे इथल्या रेफ्रीला निर्णय नुसता बरोबर देऊन भागत नाही. तो आपण निष्पक्षपणे दिला आहे, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वागण्यातून दाखवावं लागतं. मैदानावर खेळाडूनं हात उडवले, कपाळाला हात लावला, गॅलरीकडं बघून 'बघा काय दिलंय ते' असं केलं, की ते पेठेला आवाहन ठरतं. खेळाडूची तक्रार दोन सेकंदांत संपते, पण गॅलरीत ती स्टेडियमबाहेरच्या रस्त्यापर्यंत पोचू शकते. समर्थकांच्या हुल्लडबाजीपायी सामने थांबवायची आणि कडक पोलीस बंदोबस्तात खेळवायची वेळ कोल्हापूरवर आलेली आहे. मैदानावरच्या प्रत्येक वादाला अशी पार्श्वभूमी असते.

आता ती फट जवळून बघू. बचावपटूनं मागून पाय घातला, फॉरवर्ड पडला, शिट्टी वाजली. मुरलेला रेफ्री फाऊलच्या जागेवर धावत जातो, खुणेनं जागा दाखवतो आणि लगेच तिथून बाजूला सरकतो, तेही पाठ न फिरवता, तोंड खेळाडूंकडं ठेवून दोन-चार पावलं मागे. त्याला गाठायला जो येईल, त्याला आता वाकडी वाट करून यावं लागतं आणि येता येता त्याचा अर्धा राग ओसरतो. जागेवर खिळून राहिलेला रेफ्री मात्र पाच जणांच्या मध्ये सापडतो. मग त्याला मान वर करून बोलावं लागतं, आवाज चढतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की भांडणच चाललंय.

शिट्टीलाही भाषा असते. मधल्या भागातल्या किरकोळ धक्क्याला छोटी, हलकी शिट्टी पुरते. जोराचा टॅकल असेल तर लांब, कडक शिट्टी लागते. ती ऐकूनच मारणाऱ्याला कळतं की आपण काय केलंय, आणि मार खाल्लेल्यालाही कळतं की साहेबांनी बघितलंय. मार खाल्लेल्या माणसाला हे कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण बरीचशी हुज्जत 'याला दिसलंच नाही' या भावनेतून येते. म्हणून रेफ्री खेळाच्या जवळ राहण्यासाठी मैदानात तिरका पळत राहतो. चेंडू आपल्या आणि पलीकडच्या लाइन्समनच्या मध्ये राहील, अशी ती धाव असते. दहा-पंधरा मीटरांवरून दिलेला चुकीचा निर्णयही खेळाडू गिळतात, पण पन्नास मीटरांवरून दिलेला बरोबर निर्णयसुद्धा त्यांना पचत नाही. प्रेक्षक ज्याला रेफ्रीचा दरारा म्हणतात, तो बराचसा फुप्फुसांतून येतो.

बोलणं कमी, हाही शिकवणीचाच भाग. "फाऊल न्हवताच की ओ सर!" याला "मी बघितलं, पाय लागला" एवढं उत्तर पुरे. समजावत बसलं की समोरच्याला वाटतं, अजून वाटाघाटीला जागा आहे. एकदा उत्तर दिलं, दुसऱ्यांदा तळहात दाखवला, तिसऱ्यांदा मात्र रेफ्रीला ठरवावं लागतं. ठरवताना तो मनात तीन गोष्टी तपासतो. खेळाडू जे बोलला ते जाहीरपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला का? ते निर्णयाबद्दल होतं की माणसाबद्दल? आणि त्यातून दुसरे चिथावले जातील का? दुखलेल्या पायावर हात दाबून स्वतःशीच पुटपुटलेली शिवी आणि तीच शिवी रेफ्रीच्या तोंडावर बोट नाचवून दिलेली, यांत फरक आहे. शब्द किंवा कृतीतून निर्णयाचा निषेध केला तर पिवळं कार्ड, अपमानास्पद किंवा शिवराळ भाषा किंवा हावभाव असतील तर थेट लाल, असं बाराव्या नियमात आहे. पण नेमक्या कुठल्या शब्दाला शिवराळ म्हणायचं, हे पुस्तक सांगत नाही. ते रेफ्रीवर सोडलेलं आहे.

कोल्हापुरात ही मोठी अडचण आहे. आमच्या भागात जिवलग मित्रही एकमेकांना ज्या शब्दांनी हाक मारतात, ते पुण्या-मुंबईचा माणूस ऐकून दचकेल. भाषा रांगडी आहे, तिच्यात शिवी सहज येते आणि बऱ्याचदा तिच्यात राग नसतो. सहकाऱ्यानं पास चुकवला म्हणून निघालेल्या शिवीला इथला रेफ्री लाल कार्ड दाखवायला लागला, तर मध्यंतरापर्यंत मैदान रिकामं होईल. म्हणून तो कान उघडे ठेवतो, कुणाला उद्देशून आणि कुठल्या सुरात, हे बघतो. परगावचा रेफ्री इथं गोंधळतो तो याच ठिकाणी. मात्र एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. 'आमची भाषाच अशी' ही सबब रेफ्रीच्या घरच्यांपर्यंत जाणाऱ्या शिवीला लावता येत नाही. ती देणाऱ्याला तिचा अर्थ पुरता ठाऊक असतो.

कार्ड दाखवायचं ठरलं, तर तेही सवडीनं. आधी त्या खेळाडूला घोळक्यातून वेगळं काढायचं. हाक मारायची, तो चार पावलं येईल, आपण चार पावलं जायचं. कार्ड हात लांब करून वर धरायचं, नाकापुढे नाचवायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. आणि वहीत नंबर लिहिताना मान खाली घालून उभं राहायचं नाही. एक पाऊल मागे सरकून, खेळाडू नजरेच्या टप्प्यात ठेवून लिहायचं. ही शेवटची सूचना कुणाला बारीकसारीक वाटेल. 2013 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात रिकार्डो पोर्टिलो नावाचे 46 वर्षांचे रेफ्री एका पोरांच्या सामन्यात पिवळं कार्ड देऊन त्याची नोंद करत होते. सतरा वर्षांच्या गोलकीपरनं त्यांच्या डोक्यावर ठोसा मारला. ते आठवडाभर बेशुद्ध होते, मग गेले. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर 2012 मध्ये, नेदरलँड्समधल्या अल्मेरे गावी रिचर्ड न्यूवेनहाउझेन हे लाइन्समन कुमार खेळाडूंच्या मारहाणीत मेले. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच क्लबात खेळायचा. नाव नाही, सुट्टीचा दिवस घालवून पोरांचा सामना करून देणारी ही माणसं होती. आमच्या तालुक्यात पावसात भिजणारे सर त्यांच्याच जातकुळीतले.

कार्डांचा जन्मही एका हुज्जतीतूनच झाला. 23 जुलै 1966, वेम्बली, वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रात्तिन सतत रेफ्रीशी बोलत होता. रेफ्री होते जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, रात्तिनला जर्मन येत नव्हतं. आपण कर्णधार आहोत, आपल्याला बोलायचा हक्क आहे, दुभाषा बोलवा, असं रात्तिनचं म्हणणं होतं. क्राइटलाइननी त्याला बाहेर काढलं. तो जाईना. कित्येक मिनिटं खेळ थांबला. रेफ्रींचे प्रमुख केन ॲस्टन मैदानात उतरले, समजूत काढली, तेव्हा तो निघाला, आणि बाहेर गेल्यावर राणीसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर जाऊन बसला. ॲस्टन हा साधा माणूस नव्हे. 1962 च्या वर्ल्ड कपमध्ये सँटियागोला चिली आणि इटली यांच्यात जी हाणामारी झाली, त्या सामन्याचे रेफ्री तेच होते. 1966 च्या त्या सामन्यानंतर लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलच्या दिव्यांकडं बघून त्यांना सुचलं, की पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब, हे कुठल्याही भाषेच्या माणसाला कळेल. 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं आली. पण या गोष्टीत मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो रात्तिनचा मुद्दा. कर्णधाराला बोलायचा हक्क असावा, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्याला उत्तर मिळायला जवळपास साठ वर्षं लागली. त्याकडं मी पुढं येतोच.

गॅलरीपर्यंत आग पोचली की काय होतं, याचा आपल्या देशातला सगळ्यांत दुःखद दाखला कलकत्त्याचा आहे. 16 ऑगस्ट 1980, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. दिलीप पालित आणि बिदेश बोस या दोन खेळाडूंत मैदानावर झटापट झाली, कार्ड निघालं आणि ती ठिणगी गॅलरीत जाऊन पडली. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच गॅलरीत मिसळून बसले होते. दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली, 16 जण मेले. बंगालमध्ये अजूनही त्या दिवशी त्यांच्या नावानं रक्तदान शिबिरं होतात. दोन पेठांचे समर्थक वेगवेगळ्या बाजूला बसवण्याची व्यवस्था कुणाला जाचक वाटली, तर त्यानं ही तारीख आठवावी.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं, आणि त्यात फट उलट्या बाजूनं दिसते. 3 मार्च 2023, बंगळूर, आयएसएलचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ. बंगळूर एफसीला केरला ब्लास्टर्सच्या पेनल्टी क्षेत्राजवळ फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत उभी करायच्या बेतात होते, गोलकीपर जागेवर नव्हता, तेवढ्यात सुनील छेत्रीनं चेंडू गोलात टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच आपला संघ घेऊन मैदानाबाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं क्लबला 4 कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर 10 सामन्यांची बंदी घातली. फ्री किक झटपट घेणं नियमात बसतं. बाहेर निघून जाणं कशातच बसत नाही, आणि शिक्षा झाली ती योग्यच झाली. तरीही रेफ्रींच्या वर्गात हा सामना शिकवावा असं मला वाटतं. फट मोठी ठेवली की हुज्जत वाढते हे खरं, पण समोरच्याला काय चाललंय ते उमगायच्या आत ती मिटली, तर तक्रार मनात अडकून राहते. भिंतीसाठी आपण थांबवतोय की खेळ चालू ठेवतोय, हे हातवाऱ्यांनी स्पष्ट दिसलं पाहिजे. शिट्टी दाखवून 'थांबा, शिट्टीवर' अशी खूण करण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

व्हिडिओ रेफ्री आल्यावर तर ही फट मिनिटामिनिटांची झाली. पूर्वी पाच सेकंदांत आटपायचं ते आता दोन-तीन मिनिटं चालतं, आणि तेवढा वेळ दहा-बारा खेळाडू रेफ्रीभोवती घुटमळतात. हवेत चौकोन काढून व्हिडिओ बघायला सांगणाऱ्याला पिवळं कार्ड द्यायचं असा नियमच करावा लागला. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्स-अर्जेंटिना सामन्यात स्पॅनिश रेफ्री मातेउ लाहोस यांनी डझनाहून जास्त पिवळी कार्डं दाखवली आणि तरी सामना हातातून निसटतच गेला. इतकी कार्डं निघाल्यावर कार्डाची भीती उरत नाही.

कुस्तीच्या मुलखात मात्र निर्णयावरून असे वाद होत नाहीत, असं आपण मानत आलो. निकाली कुस्तीत पाठ लागली की लागली, पंच हात वर करतो, विषय संपला. फुटबॉलमध्ये धक्का की खांद्याला खांदा, हात चेंडूकडं गेला की चेंडू हाताकडं आला, सगळाच अंदाज. म्हणून वाद फुटबॉलमध्ये, हे मीही बरेच दिवस धरून चाललो होतो. पण 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ या लढतीत पंचांनी राक्षेला चितपट दिलं. खांदे टेकलेच नव्हते, असं म्हणत राक्षेनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीतही निर्णयावरून वाद झाला. राक्षे आणि अंतिम लढतीतला महेंद्र गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. म्हणजे पाठ लागण्यासारखी डोळ्यांना दिसणारी गोष्टही वादातीत उरली नाही. प्रश्न खेळाचा नाही. पंचाच्या निर्णयानंतर लगेच काय करायचं, हे खेळाडूला कुणी शिकवलं आहे का, हा प्रश्न आहे.

तेव्हा आता रात्तिनच्या मुद्द्याकडं. 2024 च्या युरो स्पर्धेत युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, यूएफानं, सांगितलं की निर्णयाबद्दल विचारायला रेफ्रीपाशी फक्त कर्णधारानं यायचं. दुसरा कुणी आला तर पिवळं कार्ड. त्या बदल्यात रेफ्री कर्णधाराला निर्णय समजावून सांगेल. गोलकीपर कर्णधार असेल, तर तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो, म्हणून त्याच्याऐवजी मैदानातला एक खेळाडू आधीच नेमून द्यायचा. पुढे फुटबॉलचे नियम करणाऱ्या आयएफएबीनं ही पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. रेफ्री दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांशी फुली करतो, म्हणजे इथून पुढे फक्त कर्णधार, बाकीच्यांनी चार मीटर लांब. या सौद्यात मला न्याय दिसतो. खेळाडूंना गप्प बसा म्हणताना त्यांना उत्तर मिळण्याची वाट बंद केलेली नाही. एका तोंडातून या, एवढंच म्हटलं आहे. अकरा जणांचा गोंगाट आणि एका माणसाचा प्रश्न यांत जो फरक, तोच इथं आहे. कर्णधाराला नियमांत खास अधिकार कधीच नव्हता, संघाच्या वागण्याची काहीशी जबाबदारी मात्र होती. आता त्या जबाबदारीला काम मिळालं.

इंग्लंडनं आणखी एक उपाय केला. तिथल्या गावपातळीवरच्या फुटबॉलमध्ये पिवळ्या कार्डांपैकी सुमारे चौथा हिस्सा हुज्जतीचा होता. तिथल्या फुटबॉल असोसिएशननं, म्हणजे एफएनं, 31 लीगमध्ये प्रयोग केला. हुज्जत घातली तर पिवळं कार्ड आणि दहा मिनिटं बाहेर. हुज्जतीचं प्रमाण 38 टक्क्यांनी घटलं आणि 2019-20 पासून तो नियम तळच्या सगळ्या लीगना लागू झाला. त्याआधी, 2000 च्या सुमारास, रग्बीसारखी फ्री किक दहा यार्ड पुढे न्यायचाही प्रयोग झाला होता. तो टिकला नाही. गोलाच्या फार जवळ गेलेली किक भिंतीवरून उचलायला जागा राहत नाही, मग शिक्षेचा फायदा होतोच असं नाही. दहा मिनिटं बाहेर बसणं मात्र लगेच झोंबतं. बंदी किंवा दंड नंतर येतो, कमिटी बसते, अर्ज-विनंत्या होतात. इथं संघ ताबडतोब दहा जणांवर येतो आणि सहकारीच त्याला म्हणतात, 'तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?' जे काम रेफ्रीला करता येत नाही, ते सहकारी करून टाकतात.

आणि हे आमच्या शाहूवाडीच्या पोराला नवं वाटायचं कारण नाही. तो फुटबॉलच्या आधी कबड्डी शिकलेला असतो. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाद. पंचाशी हुज्जत घातली म्हणून चढाईपटू दोन मिनिटं बाहेर बसतो, तेव्हा आख्खा गाव ते बघतो आणि कुणाला त्यात अन्याय वाटत नाही. तोच पोरगा फुटबॉलच्या मैदानात उतरला की सरांच्या अंगावर जातो, कारण टीव्हीवर त्यानं तसंच बघितलेलं असतं. नोकरीधंद्यासाठी हाच पोरगा उद्या कोल्हापुरात जाईल, खेळात दम असेल तर एखाद्या तालमीत शिरेल, आणि ही सवय सोबत घेऊन जाईल. तिथं गॅलरीत हजारो माणसं असतील. तिथल्या रेफ्रीनं फटीत कितीही कसब दाखवलं, तरी पंधराव्या वर्षी लागलेली खोड तो एकट्यानं कशी मोडणार?

तालुक्याच्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक ठरवायला दर वर्षी क्रीडाशिक्षक एकत्र बसतात. मैदानं कुणाची, कबड्डी कुठल्या शाळेत, खो-खो कुठल्या तारखेला, असं सगळं ठरतं. त्याच बैठकीत फुटबॉलपुरत्या तीन गोष्टी ठरवता येतील. सामन्याआधी नाणेफेकीला बोलावलेल्या दोन कर्णधारांना सरांनी सांगायचं, की विचारायचं ते तुम्हीच विचारायचं, आणि विचारलंत तर मी उत्तर देईन. दुसरा कुणी आला तर पहिल्यांदा ताकीद, मग पाच मिनिटं रेषेबाहेर. शालेय सामन्याचा वेळ कमी असतो, तेव्हा दहा मिनिटं जड होतील. आणि बाहेर उभ्या शिक्षकांनी आपल्या शाळेच्या बाजूनं आवाज द्यायचा नाही, कारण मास्तर ओरडले की पोरांना परवानाच मिळतो. 2019 पासून प्रशिक्षकांनाही कार्ड दाखवता येतं, हे बऱ्याच शिक्षकांना अजून माहीत नाही. ते सांगायला बैठकीतली दोन मिनिटं लागतील. शक्य असेल तर यजमान शाळेचा झेंडेवाला बदलून तिसऱ्या शाळेचा उभा करावा.

पैसे लागत नाहीत, शासनाचा आदेश लागत नाही. पिवळं कार्ड नसेल तर पिवळा कागद चालतो. येत्या पावसात मलकापूर-बांबवड्याकडच्या कुठल्याही मैदानावर पहिली शिट्टी वाजायच्या आधी कर्णधारांना एवढं सांगितलं गेलं, की फक्की धुऊन गेलेल्या रेषेवरून चेंडू बाहेर गेला की आत राहिला, हा प्रश्न सरांना दोनच पोरं विचारतील, आणि सर त्यांना उत्तर देऊ शकतील.